अंगावर काढायचं नाही

खोली बघायला गेले तेव्हा सिस्टरनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "पाळी वेळेवर येते का?"

मी तेव्हा बावीस वर्षांची. सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली होती आणि सटाण्याहून माझा मोठा भाऊ मला पोचवायला आला होता. तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याने लगेच गल्लीतला विजेचा खांब निरखायला घेतला. मी काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोल. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं," सिस्टर म्हणाल्या. "भावाला लाज वाटत असेल तर त्याला चौकात चहा पिऊन येऊ दे."

भाऊ खरंच गेला. परत आला तोवर माझं जेवण, झोप, वजन, पाळीचे दिवस, त्या दिवसांत पोट दुखतं का, हे सगळं त्यांचं विचारून झालं होतं. भाड्याचं बोलायचं राहूनच गेलं होतं. वरची खोली मला मिळाली आणि तिथे मी सहा वर्षं राहिले.

पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे, एका आखूड गल्लीत त्यांचं घर होतं. खाली दोन खोल्या त्यांच्या, वर एक माझी. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात आयुष्य घालवून त्या दोन-अडीच वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं नाव विजेच्या बिलावर यायचं तेवढंच. बाकी सगळी गल्ली, दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत, त्यांना सिस्टरच म्हणायची.

ठेंगण्या, काटकुळ्या, बारीक काठाच्या सुती साडीतल्या. पुरुषी घड्याळ, तेही मनगटाच्या आतल्या बाजूला. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना खोड होती. आपण कांद्याच्या भावाबद्दल बोलत असायचो आणि त्या घड्याळाकडे बघत आपली नाडी मोजत असायच्या. "ब्याण्णव. जिना पळत चढलीस का?" दुसरी खोड डोळ्यांची. कुठलीही पोर दिसली की अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत लाली आहे का बघायचं. गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन, फोटोवाला थांबा म्हणत असताना, नवरीची पापणी ओढली आणि तिच्या आईला सांगितलं, "रक्त अजिबात नाही हिच्यात. वर्षभर पाळणा हलू देऊ नका." त्यानंतर गल्लीतल्या लग्नपत्रिका त्यांच्याकडे येईनाशा झाल्या. त्या नवरीला मात्र तिच्या आईनेच मागच्या दाराने त्यांच्याकडे आणलं, लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते विचारायला.

हे मागचं दार महत्त्वाचं. पुढच्या दाराने त्यांच्याकडे फारसं कुणी येत नसे. मंगळवारी दुपारी मागच्या अंगणातून बायका यायच्या. सातवीतली मुलगी असायची, नुकती बाळंतीण असायची, तांबी बसवलेली, तांबी काढायची असलेली, पाळी जायच्या वयातली, अंगातून वाफा येतात म्हणणारी, आणि भाजी विकणारी एक आजी. या आजीचं अंग बाहेर येत होतं. अठरा वर्षं ती ते कापडाने आवळून बांधून टोपली उचलत होती आणि हे तिने तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सिस्टर तिला स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या, ऑपरेशन करून आणलं आणि टोपली उचलायची बंद करून तिला हातगाडी घ्यायला लावली.

पुढच्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर त्या खडूने चित्र काढायच्या. मधे पिशवी, दोन बाजूंना नळ्या, खाली तोंड. "केवढी असते पिशवी? मुठीएवढी. करा मुठी." दहा-बारा बायका मुठी करून बघायच्या. 'अडचण', 'बाहेर बसणं', 'कावळा शिवला' असले शब्द त्यांना चालायचे नाहीत. मी एकदा "सिस्टर, मला अडचण आहे" म्हणाले तर म्हणाल्या, "कसली? रस्ता बंद आहे का?" पाळीची कापडं मी टॉवेलखाली दडवून वाळवते हे कळल्यावर त्यांनी ती उचलून गच्चीच्या पुढच्या दोरीवर, भर उन्हात टाकली. समोरच्या घरातले काका तक्रार घेऊन आले, तेव्हा त्यांनाही तासभर बसवून जंतू म्हणजे काय ते समजावलं.

आणि दर मंगळवारी शेवटी ठरलेलं वाक्य: "अंगावर जातंय ते अंगावर काढायचं नाही. पाळी गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी नुसता डाग जरी दिसला, तरी माझ्याकडे सुद्धा येऊ नका, सरळ डॉक्टरकडे जा. कळलं?"

बायका हो म्हणायच्या, पदर सावरून मागच्या दाराने निघून जायच्या. मग त्या ओल्या फडक्याने फरशीवरची पिशवी पुसायच्या.

शेजारच्या मुलीचं डोहाळजेवण होतं तेव्हाची गोष्ट. तिचे नऊ महिने सिस्टरच बघत होत्या. पायावर सूज आली तेव्हा रक्तदाब त्यांनीच पकडला होता. त्या दुपारी भिंतीपलीकडून गाणी, हसणं, बांगड्या ऐकू येत होत्या. मला बोलावणं होतं. त्यांना नव्हतं. मी हिरवी साडी नेसून खाली उतरले तर त्या ओट्याशी वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"तुम्ही नाही येत?" मी बावळटासारखं विचारलं.

"ओटी भरायला आई झालेली बाई लागते," त्या शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या. "तू जा. आणि बघून ये, तिला मीठ घातलेलं काही देतायत का. लोणचं, पापड. देत असतील तर माझं नाव सांगून काढून घे ताटातनं."

मी ताटातला पापड काढून घेतला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या एकट्या का राहतात हे मी बरेच दिवस विचारलं नाही. दिंडोरीजवळ त्यांचा भाऊ होता, द्राक्षांचा बागाईतदार. हंगामात तो एक पेटी घेऊन यायचा, उभ्या उभ्या पाणी पिऊन निघायचा. सिस्टर द्राक्षं गल्लीत वाटून टाकायच्या. बाकीचं मला कळलं ते माझ्या आईमुळे, आणि ते मला अजून सलतं.

माझी वहिनी सत्तावीस वर्षांची होती. दोन मुलं, कांद्याच्या शेतात दिवसभर वाकून काम. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. गावाकडच्या कुठल्याशा खासगी डॉक्टरने तिला सांगितलं की पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. त्यानेच नाशिकमधल्या ओळखीच्या सर्जनचं नाव दिलं होतं. आई तिला घेऊन माझ्या खोलीवर उतरली. दुसऱ्या दिवशी ॲडमिट व्हायचं होतं.

सिस्टरनी दोघींना खाली चहाला बोलावलं. कप हातात देता देता वहिनीचं मनगट धरलं, पापणी ओढली आणि म्हणाल्या, "कागद बघू."

कागद एकच होता, त्यावर दोन ओळी.

"सोनोग्राफी? पिशवीच्या तोंडाची तपासणी? काहीच नाही? नुसतं बघून सांगितलं पिशवी खराब?"

"डॉक्टरनी सांगितलं ना," आई म्हणाली. "दोन लेकरं झाली, आता काय करायची पिशवी? रोजचं दुखणं जाईल."

"अहो, सत्तावीस वर्षांची आहे ती. पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर पस्तिशीत हाडं म्हातारीची होतील. सूज असेल नुसती. गोळ्यांनी बरी होईल. आधी तपासा तरी."

बोलणं वाढत गेलं. आईला आपल्याला अडाणी समजतात असं वाटलं असावं. रागावली की ती सरळ अहिराणीत जायची. कप खाली ठेवून ती म्हणाली, "तुमले पोर नही. तुमले पिशवीनं काय समजी?"

वहिनीने मान खाली घातली. मी आईकडे बघितलं, पण एक शब्द बोलले नाही. बोलायला हवं होतं.

सिस्टर उठल्या, कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. मग पदराला हात पुसत आईसमोर आल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी आठ वाजता हिला घेऊन मी सरकारी दवाखान्यात जाते. तिथल्या डॉक्टरबाईंनी काढा म्हटलं तर मी स्वतः तुमच्या सर्जनकडे सोडून येईन. एक दिवस द्या मला."

आईने एक दिवस दिला. दवाखान्यात तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. जंतुसंसर्ग निघाला. पंधरा दिवसांच्या गोळ्या, वहिनीला आणि माझ्या भावाला, दोघांनाही. भावाने कुरकुर केली तेव्हा सिस्टरनी माझ्या ऑफिसात येऊन, साहेबांच्या टेबलावरच्या फोनवरून त्याला असं काही सुनावलं की साहेब उठून बाहेर गेले. दोन महिन्यांत वहिनी बरी झाली. आईने सिस्टरची कधी माफी मागितली नाही. सटाण्याहून एसटीच्या टपावर कांद्याची गोणी मात्र आली. सिस्टरनी ती ठेवून घेतली.

गोणी आली त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी, मी न विचारताच, त्यांनी मला सांगितलं. त्यांचं लग्न सतराव्या वर्षी झालं होतं. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. भावाच्या घरात राहायचं नाही म्हणून त्या नर्सिंगला गेल्या.

"आणि एक दिवस ओपीडीत केसपेपर हातात आला," त्या म्हणाल्या. "आडनाव तेच, गाव तेच. बाईचं वय तीस. तक्रार काय, तर मूल होत नाही. त्याची दुसरी बायको होती ती. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, हिला दहा वेळा तपासून झालंय, आता नवऱ्याला बोलवा. आला तो. बाकावर बसला होता. मला बघितलं आणि चपलांकडे बघत राहिला."

"मग?"

"मग काय, रिपोर्ट आला. त्याच्यातच दोष होता. मीच फाईलला लावला. ती मला म्हणाली, सिस्टर, हे मी घरी कसं सांगू? मी म्हटलं, सांगू नकोस, कागद दाखव. फाटकापाशी त्याने तो कागद फाडला. मी खिडकीतून बघत होते. ती परत कधी आली नाही. मी बरेच महिने रोज केसपेपरवरची नावं बघायचे."

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला नोकरी होती गं. तिच्याकडे काय होतं?"

एवढंच. पुन्हा हा विषय निघाला नाही.

मी नाशिक सोडायच्या आदल्या वर्षी त्यांच्यात काहीतरी बदललं. जिना चढून वर येणं थांबलं. गडद रंगाच्या साड्या आल्या. मंगळवार चालू होते, पण फरशीवर बसून उठताना त्या भिंतीला धरायच्या. एका संध्याकाळी माझ्याकडचे पॅड संपले म्हणून मी त्यांच्याकडे मागायला गेले. त्या देवापुढे दिवा लावत होत्या. "कपाटात खालच्या कप्प्यात बघ," म्हणाल्या, आणि लगेच, "नको, थांब, मी देते." तोवर मी कपाट उघडलं होतं. पुडा होता, अर्धा संपलेला. मागे आणखी दोन रिकामे पुडे घडी करून ठेवलेले.

"कुणासाठी आणलेत?"

"येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी."

मागच्या दाराने येणाऱ्या बायका पॅड वापरणाऱ्या नव्हत्या. त्या कापडवाल्या होत्या. सिस्टरचं वय तेव्हा पासष्ट. मी तो पुडा हातात घेऊन उभी राहिले.

"कधीपासून जातंय?"

त्यांनी काडी विझवली. "आठ महिने."

"आठ? सिस्टर, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, एक डाग दिसला तरी—"

"सांगायला काय लागतं?"

"मग गेला का नाहीत?"

त्या पाटावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या टेबलावर बाई झोपली ना, की तिला वरचं छत दिसतं नुसतं. पायाशी डॉक्टर काय करतायत ते दिसत नाही. म्हणून डोक्याशी कुणीतरी लागतं. तेहेतीस वर्षं मी डोक्याशी उभी राहिले. एका बाईला एकटं झोपू दिलं नाही. आता माझ्या डोक्याशी कोण? ओळखीच्या सगळ्या निवृत्त झाल्या. भावाला हे सांगायचं? म्हटलं, थांबेल आपोआप." आणि मग अगदी बारीक आवाजात, "थांबणार नाही हे मला कळत होतं. मला सगळं कळत होतं."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. त्या टेबलावर झोपल्या तेव्हा मी डोक्याशी उभी राहिले. त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. एकदाच म्हणाल्या, "पंख्यावर किती धूळ आहे बघ. मॅट्रन काय करते?"

पिशवीतला तुकडा तपासायला गेला, कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना होता. पेन माझ्या हातात होतं. मी 'मुलगी' लिहायला घेतलं तर त्या म्हणाल्या, "खोटं लिहायचं नाही. उद्या कुणी विचारलं तर अडचणीत येशील. भाडेकरू लिही." क्लार्कने ते वाचून वर बघितलं, मग शिक्का मारला. त्यांचा भाऊ छाटणी सोडून संध्याकाळी आला, मोसंबी ठेवून गेला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला यायचं, चुकवायचं नाही. मी म्हटलं, मी घेऊन येईन. पहिल्या दोन वेळा घेऊन आलेही. मग माझं लग्न ठरलं आणि मी पुण्याला गेले.

दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन करायची. शेजारच्यांकडे फोन होता, ते भिंतीवरून हाक मारायचे. "तपासणी झाली?" "झाली. सगळं ठीक. तुझं?" "माझंही ठीक." लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गेले. हे मी त्यांना सांगितलं नाही. राहिलेलंच सांगितलं नव्हतं, तर गेलेलं काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्यांनी खोदून खोदून विचारलं असतं, किती रक्त गेलं, पिशवी साफ केली का, लोहाच्या गोळ्या घेतेस का, आणि मला त्या दिवसांत कुणीही काहीही विचारलेलं नको होतं. दर रविवारी मी म्हणत राहिले, ठीक. त्याही म्हणत राहिल्या, ठीक. मी येईनाशी झाल्यावर त्या एकदाही तपासणीला गेल्या नव्हत्या. हे मला त्यांच्या केसपेपरवरच्या तारखांवरून कळलं, फार उशिरा.

शेजारच्या बाईंनी फोन केला तेव्हा दुखणं पोटात पसरलं होतं. मी पोचले त्यानंतर चौथ्या दिवशी त्या गेल्या. भावाने अग्नी दिला. मंगळवारच्या बायका आल्या होत्या, सगळ्या एका रांगेत मागे उभ्या. भाजीवाल्या आजीला दोघींनी धरलं होतं. घर भावाने पुढे विकलं.

पण मला सांगायचंय ते त्या जायच्या दोन दिवस आधीचं. दुपारची वेळ होती, वॉर्डात भेटीला आलेली माणसं निघून गेली होती. दुखण्याच्या इंजेक्शनमुळे सिस्टर झोपेत होत्या. मी स्टुलावर बसून त्यांच्या ओठांना पाणी लावत होते. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती त्या बघण्यात. पण परकेपणाही नव्हता. मी वॉर्डात शिरलेली कुणीतरी नवीन बाई असावी तसं त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कितवा महिना?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पुन्हा विचारलं, जरा दटावून, "लाजायचं नाही. कितवा?"

"सातवा," मी म्हटलं.

"इकडे ये. जवळ."

मी स्टूल ओढून कॉटला टेकले. त्यांनी चादरीखालून हात काढला. सलाईनची सुई लावलेला, सुजलेला हात. तो माझ्या पोटावर ठेवला. आधी वर, मग एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग खाली. तिथे काही नव्हतं. त्या मन लावून, डोळे मिटून बघत होत्या.

"डोकं खाली आलंय," त्या म्हणाल्या. "छान आहे. घाबरायचं नाही."

"नाही घाबरत."

"बरोबर कोण आलंय तुझ्या?"

मी त्या लांबलचक वॉर्डाकडे बघितलं. "कुणी नाही, सिस्टर."

त्यांनी मनगट वळवून, जिथे घड्याळ नव्हतं तिथे, घड्याळ बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आठपर्यंत मी आहे. झोप तू."